ब्रा घातल्यावर ठीक दिसतं, मग इम्प्लांट कशाला?

पत्र

मी ३४ वर्षांची, इंदिरानगरला राहते, अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. दोन मुली. मोठी सहा वर्षांची, धाकटी पावणेदोनची. धाकटीचं अंगावरचं दूध चार महिन्यांपूर्वी सोडवलं आणि छाती रिकाम्या पिशवीसारखी ओघळली. ब्रा घातली की कपड्यांत छान दिसतं, पण काढली की बोंडं जमिनीकडे बघतात. आरशासमोर उभं राहवत नाही. वजन ७१ होतं, आता ६४, अजून उतरतंय. एका कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये जाऊन आले. दहा मिनिटांत तपासून म्हणाले, २७५ सीसीचे इम्प्लांट बसवू, दीड तासाचं काम, दुसऱ्या दिवशी घरी. एक लाख साठ हजार, या महिनाअखेरपर्यंतच. दहा हजार टोकन मागितलंय. मिस्टर म्हणतात, तुझी इच्छा. जाऊबाई म्हणतात, नसती थेरं. सासूबाईंना हर्नियाचं ऑपरेशन सांगायचं ठरवलंय. त्यांच्याकडून तिसऱ्याचा विषय अधूनमधून निघतो, आमचं नक्की नाही. माझ्या मावशीला ४६ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता. करू की नको?

— एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई, टोकन भरू नका. ऑपरेशन करायचं की नाही हा पुढचा प्रश्न. पण तुम्हाला जे सुचवलंय, म्हणजे इम्प्लांट, स्तनात बसवायची सिलिकॉन जेलची पिशवी, ते तुमच्या तक्रारीवरचं ऑपरेशन नाही, असं तुमच्याच पत्रावरून दिसतं.

‘ब्रा घातली की कपड्यांत छान दिसतं’ असं तुम्ही लिहिलंय. ब्रा आकार वाढवत नाही, आहे तेवढाच ऐवज उचलून जागेवर धरते. तेवढ्यानं तुमचं समाधान होत असेल तर आकारमान पुरेसं आहे. बिघडली आहे ती जागा, आणि ताणली गेली आहे ती कातडी. त्यावरचं ऑपरेशन म्हणजे लिफ्ट, यात जास्तीची कातडी काढून स्तनाग्र वर घेतात. ब्रा घातल्यावरही वरचा भाग पोकळ वाटत असता, कप रिकामा राहत असता, तर इम्प्लांटचा विचार रास्त ठरला असता. चांगला प्लास्टिक सर्जन हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारतो.

घरी एक मोजमाप करून बघा. कंबरेपर्यंत कपडे काढून आरशाला बाजू करून सरळ उभ्या राहा, हात सैल सोडा. मुलीच्या कंपासमधली पट्टी आडवी धरून स्तनाखालच्या घडीत, जिथे ब्राची तार बसते तिथे, अगदी आतपर्यंत टेकवा. आता स्तनाग्र पट्टीच्या वर आहे की खाली ते बघा. पट्टीच्या पातळीला, फार तर सेंटिमीटरभर खाली असेल तर ओघळ सौम्य. एक ते तीन सेंटिमीटर खाली असेल तर मध्यम. तीनपेक्षा जास्त खाली आणि तोंड जमिनीकडे, तर तीव्र. सर्जन मंडळी हीच प्रतवारी वापरतात. दुसरं माप शिंप्याच्या टेपनं घ्या: गळ्याखाली दोन हाडांच्या मध्ये जो खळगा असतो तिथपासून स्तनाग्रापर्यंत. मध्यम बांध्याच्या बाईत हे अंतर साधारण १९ ते २१ सेंटिमीटर असतं. दोन्ही बाजूंची मापं लिहून ठेवा. ती सारखी येणार नाहीत, कोणाचीच येत नाहीत.

तुमच्या वर्णनावरून ओघळ मध्यम ते तीव्र वाटतो. अशा छातीत नुसतं इम्प्लांट घातलं तर काय होतं? सिलिकॉन जेलचं वजन सीसीला साधारण एक ग्रॅम धरा. २७५ सीसी म्हणजे एका बाजूला पाव किलोहून जास्त, दोन्ही मिळून अर्ध्या किलोच्या वर. आधीच सैल पडलेल्या कातडीवर हा भार टाकला की सुरुवातीचे महिने भरलेलं वाटतं आणि मग सगळंच खाली उतरतं. इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली बसवलं असेल तर ते वरच अडकून राहतं आणि तुमचं स्वतःचं मांस त्याच्यावरून खाली घसरतं. बाजूनं पाहिलं की दोन उंचवटे दिसतात. ते दुरुस्त करायला पुन्हा लिफ्टच करावी लागते, म्हणजे दोनदा भूल, दोनदा खर्च आणि जे व्रण टाळायचे होते तेही आलेच. नुसतं इम्प्लांट लवकर उरकतं, व्रण घडीत लपतो, म्हणून ते विकायला सोपं जातं. लिफ्टचे व्रण समजावून सांगायला वेळ लागतो.

त्या व्रणांबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण निर्णय तिथेच अडतो. तुमच्या प्रकारात दोन शक्यता आहेत. एक, स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेनं गोल आणि तिथून सरळ खाली घडीपर्यंत उभी रेघ. दुसरी, कातडी जास्त असेल तर या दोन्हींशिवाय घडीतून आडवी रेघ. नुसत्या वर्तुळाभोवती टाके घालून ‘व्रण दिसणारच नाही’ असं कोणी सांगितलं तर सावध राहा. ती पद्धत अगदी थोड्या ओघळीसाठी आहे. जास्त ओघळीत ती वापरली की वर्तुळ ताणून मोठं होतं आणि स्तन पुढून चपटा दिसतो. व्रण पहिले सहा महिने लालसर, जाड, खाजरे असतात. फिके पडायला वर्ष ते दीड वर्ष लागतं, आणि पुसले कधीच जात नाहीत. आपल्याकडच्या सावळ्या कातडीत ते फुगण्याची प्रवृत्ती जास्त असते. तुमची कातडी कशी भरते याचा पुरावा तुमच्याच अंगावर आहे. दंडावरची बीसीजीची खूण, कान टोचलेली जागा, सिझेरियन झालं असेल तर त्याचा व्रण नीट बघा. तिथे गुलाबी, टणक, मूळ जखमेबाहेर पसरलेली गाठ असेल तर तो केलॉइड. तसं असेल तर सर्जनला आपणहून दाखवा. छातीच्या मध्याकडे केलॉइड जास्त होतात. एरवी टाके भरल्यावर, म्हणजे साधारण दोन-तीन आठवड्यांनी, सिलिकॉनची पट्टी रोज बारा तासांहून जास्त, निदान दोन-तीन महिने लावायची असते. कंटाळवाणं काम आहे, पण त्यानं फरक पडतो.

लिफ्टकडून काय मिळणार नाही तेही ऐका. वरचा भाग जाहिरातीतल्यासारखा गोल भरत नाही. जागेवर आल्यावर छाती मूळपेक्षा थोडी लहानच वाटते. काही सर्जन खालचं मांस आत दुमडून वर बसवतात, त्यानं थोडा भराव येतो, पण त्यातलं काही पुन्हा खाली सरकतं. स्तनाग्राची संवेदना काही महिने बधिर राहू शकते, क्वचित कायमचीही. वजन वाढलं-उतरलं, पुन्हा बाळंतपण झालं, की कातडी परत ताणते.

म्हणून तिसऱ्याचं आधी ठरवा, सासूबाईंशी नाही, तुम्ही दोघांनी. शक्यता खरोखर उघडी असेल तर ऑपरेशन त्यानंतर. लिफ्टमध्ये स्तनाग्र मांसाच्या पुलावर जोडलेलंच ठेवतात, त्यामुळे पुढे दूध येऊ शकतं, पण पूर्ण पुरेल याची हमी कोणी देऊ नये. आणि तिसरं नको असं ठरलं तरी आज करू नका. दूध सुटून चारच महिने झालेत. ग्रंथी आटायची, कातडी आवळायची प्रक्रिया निदान सहा महिने चालते. त्यात तुमचं वजन अजून उतरतंय. ६४ वर बेतलेली कातडी ५९ वर सैल पडेल. वजन सलग तीन ते सहा महिने एक-दोन किलोच्या आत स्थिर राहू द्या, मग मापं पुन्हा घ्या. ओघळ आपोआप जाणार नाही, पण सर्जनला किती कातडी काढायची ते नक्की कळेल. छातीचे व्यायाम जरूर करा. स्नायू बळकट होतात, पण कातडी त्यानं उचलली जात नाही. तेलं, क्रीम, वाढवायची इंजेक्शनं यांवर एक रुपयाही घालवू नका.

मावशीचं तुम्ही एका ओळीत लिहिलंत, आमच्या मते ते दुसऱ्या ओळीतच यायला हवं होतं. मावशी आईची सख्खी बहीण असेल तर आजी, इतर मावश्या, मामेबहिणी यांच्यात कोणाला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर झाला होता का, कितव्या वर्षी, हे विचारून लिहून काढा. वडिलांकडचंही विचारा, तो धोका त्या बाजूनंही येतो. मग कोणत्याही ऑपरेशनआधी स्तनांची सोनोग्राफी करून घ्या. मॅमोग्राफी एवढ्यात हवी का आणि जनुकीय चाचणीसाठी सल्ला घ्यावा का, हे कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. इम्प्लांट असलं की मॅमोग्राफीत मागचा काही भाग झाकला जातो, इम्प्लांट मागे ढकलून जादा फोटो घ्यावे लागतात आणि तंत्रज्ञाला तसं आधी सांगावं लागतं. घरात कॅन्सरचा इतिहास असलेल्या बाईनं हे वजनात धरायला हवं. लिफ्टमध्ये काढलेलं मांस असेल तर ते पॅथॉलॉजीला पाठवा असंही सांगून ठेवा.

एवढं सगळं वाचूनही पुढे कधी इम्प्लांटच हवं असं वाटलं, तर ती एकदा करून विसरायची वस्तू नाही हे पक्कं समजून घ्या. औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं स्पष्ट म्हटलं आहे की ती आयुष्यभर टिकणारी साधनं नाहीत. सौंदर्यासाठी बसवलेल्यांपैकी पाचात एका बाईला आठ-दहा वर्षांत ती काढावी लागू शकतात. तुमचं वय ३४. साठीपर्यंत निदान एकदा, कदाचित दोनदा पुन्हा टेबलावर जावं लागेल असा हिशोब धरा, त्या वेळच्या खर्चासकट. प्रत्येक इम्प्लांटभोवती शरीर एक पातळ आवरण तयार करतं. काहींमध्ये ते आवळत जातं, छाती टणक होते, आकार बिघडतो, दुखतं. जेलचं इम्प्लांट आत फाटलं तर बाहेरून बहुधा काही कळत नाही. म्हणून पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी तपासणी करायला सांगितलं जातं. खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी एक दुर्मीळ लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर, जोडलेला आहे. २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीनं त्या कारणानं आपली बायोसेल जातीची इम्प्लांट जगभरातून मागे घेतली. बसवून कित्येक वर्षं झाल्यावर एका बाजूला अचानक पाणी होऊन सूज येणं हे त्याचं ठळक लक्षण. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीनं औद्योगिक दर्जाचं सिलिकॉन भरल्याचं २०१० मध्ये उघड झालं होतं, तेव्हा ‘इम्पोर्टेड आहे मॅडम’ यावर भागवून घेऊ नका. कंपनी, मॉडेल, पृष्ठभाग गुळगुळीत की खडबडीत, लॉट क्रमांक, हे सगळं असलेलं स्टिकर तुमच्या फाइलमध्ये चिकटवलेलं हवं आणि कार्ड तुमच्या हातात. तुमच्या स्तनाच्या तळाची, म्हणजे छातीला टेकलेल्या भागाची, रुंदी न मोजता २७५ हा आकडा कुठून आला, हेही त्या क्लिनिकला विचारण्यासारखं आहे. इम्प्लांटचा आकार त्या रुंदीवरून ठरतो.

आता माणूस निवडणं. ‘कॉस्मेटिक सर्जन’ ही पदवी नाही, पाटीवर कोणीही लिहू शकतो. तुम्हाला हवी ती एमबीबीएस, एमएस जनरल सर्जरी आणि त्यावर प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असतो. तो मागून परिषदेच्या संकेतस्थळावर नाव आणि पदव्या ताडून बघा. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे, पदवीधारक डॉक्टरांचा नाशिकमध्ये तुटवडा नाही. भूल देणारे डॉक्टर कोण, ते पूर्ण वेळ थांबणार का, रात्री काही झालं तर हॉस्पिटलात कोण असतं, हे विचारा. पूर्ण भूल देऊन दोन ते चार तास चालणारं हे ऑपरेशन आहे. ते नोंदणीकृत हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्येच व्हायला हवं, क्लिनिकच्या मागच्या खोलीत नाही. निदान दोन सर्जनना भेटा आणि दोघांनाही ‘काही चुकलं तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा?’ हे विचारा. उत्तर लेखी घ्या.

खर्चाचा अंदाजही लेखी घ्या: सर्जन, भूल, थिएटर, खोली, सर्जिकल ब्रा, पॅथॉलॉजी, आणि जीएसटी. बाकी उपचारांना जीएसटी नसतो, सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनला लागतो. मेडिक्लेममध्ये हे बसत नाही. ‘हर्निया दाखवून क्लेम करू’ असं कोणी सुचवलं तर तिथून उठा. संमतीपत्रावर तुमची सही कायद्यानं पुरेशी आहे, नवऱ्याची लागत नाही. आधीचे-नंतरचे फोटो जाहिरातीत किंवा इन्स्टावर वापरायला वेगळी संमती लागते, ती ओळ खोडायचा तुम्हाला अधिकार आहे.

एक प्रश्न तपासणीत मोघम विचारला जातो आणि त्याचं उत्तरही मोघमच येतं. ‘तंबाखू खाता का?’ म्हटलं की आपल्याकडच्या बायका नाही म्हणतात, आणि सकाळी मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तपकीरही तीच. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि लिफ्टमध्ये स्तनाग्र ज्या मांसाच्या पुलावर जगतं त्याचाच रक्तपुरवठा तुटतो. स्तनाग्र काळं पडून गळण्यापर्यंत वेळ येऊ शकते. सवय असेल तर आधी चार आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद, आणि डॉक्टरांना खरं सांगा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, रक्ताची गुठळी होण्याशी त्यांचा संबंध आहे. बाळंतपणानंतर हिमोग्लोबिन पुष्कळदा खालीच राहिलेलं असतं, ते आधी भरून काढा.

हर्नियाची गोष्ट टिकणार नाही. हर्नियाला छातीवर सर्जिकल ब्रा लागत नाही, ती इथे चोवीस तास, सहा आठवडे घालायची असते. साधारण सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर उचलायचं नाही. पावणेदोन वर्षांची मुलगी दहा किलोच्या घरात असते आणि ती दिवसातून वीस वेळा हात वर करून उभी राहणार. कणीक मळणं, पाण्याची बादली, सिलिंडर सरकवणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं, या सगळ्यात छातीचाच स्नायू ताणतो. झोपायचं पाठीवर, उशा लावून थोडं उंच. स्कूटर तीन-चार आठवडे नाही, आणि आपल्या रस्त्यांवरचे गतिरोधक पाहता आणखी एक आठवडा थांबलात तरी चालेल. टेबलवरचं काम दहा-बारा दिवसांनी जमतं. घरात एका मोठ्या माणसाला खरं माहीत असल्याशिवाय हे निभत नाही. सासूबाईंना सांगायचं नसेल तर आईला किंवा बहिणीला तीन आठवडे बोलावून घ्या.

महिना निवडायचा तर डिसेंबर-जानेवारी. नाशिकच्या थंडीत घट्ट ब्रा सुसह्य होते, एप्रिलच्या घामात घडीतला टाका ओला राहतो. २०२७ च्या पावसाळ्यात सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत, घरी पाहुणे आणि रस्ते बंद, तो काळ टाळा. मुंबईला करायचं ठरवलंत तर दोन-तीन रात्री तिथेच राहा. आत रक्त साकळण्याचा धोका पहिल्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत सर्वांत जास्त असतो. एकच बाजू अचानक फुगली, घट्ट झाली, दुखणं वाढत गेलं, तर लगेच पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागतं, आणि तेव्हा तुम्ही कसारा घाटात असून चालणार नाही. स्तनाग्र निळं-काळं दिसणं, १०० च्या वर ताप, टाक्यातून पू, एका पोटरीत दुखणं किंवा धाप, यांपैकी काहीही झालं तरी सकाळची वाट बघू नका. उभी आणि आडवी रेघ जिथे मिळतात त्या कोपऱ्यात टाका थोडा उघडणं मात्र बऱ्याच जणींना होतं, कारण तिथे ताण सर्वांत जास्त आणि रक्त सर्वांत कमी. ड्रेसिंगवर काही आठवड्यांत ते भरतं. त्यानं घाबरू नका, पण दाखवा.

जाऊबाईंच्या ‘थेरां’ना उत्तर द्यायची गरज नाही. स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या शरीरावर, माहिती घेऊन केलेल्या गोष्टीला परवानगी लागत नाही. आम्हाला खटकलं ते ‘आरशासमोर उभं राहवत नाही’. हे फक्त कपडे बदलताना होत असेल तर समजण्यासारखं आहे. पण दिवसभर मन तिथेच अडकत असेल, झोप लागत नसेल, मुलींसोबतही जीव रमत नसेल, तर दूध सुटल्यानंतरचं नैराश्य असू शकतं. तसं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, त्या अवस्थेत केलेलं चांगलं ऑपरेशनही वाईट वाटतं.

या आठवड्यात क्लिनिकला ‘सध्या नाही’ एवढंच कळवा, सोनोग्राफीची वेळ घ्या आणि पट्टीनं घेतलेली मापं तारखेसह वहीत लिहा. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी वजन त्याच पानावर मांडा. निदान चार आकडे, म्हणजे तीन महिने, जवळपास सारखे आले की दोन प्लास्टिक सर्जनच्या वेळा घ्या. ते पान दोघांपुढे ठेवा आणि इम्प्लांटचा विषय स्वतःहून काढू नका. ते काय सुचवतात ते आधी ऐका.